क्लिप खरी, मजकूर खोटा

गेल्या आठवड्यापासून ठाण्यातल्या चार ग्रुपवर मला एकच क्लिप आली आहे. पहाटे झाडावरची पाखरं जागी व्हावीत तसा किलबिलाट, आणि मध्येच वरून खाली घसरत जाणारी शिट्टी. खाली लिहिलंय: 'हा ऑरोराचा आवाज. ध्रुवाकडचे लोक तो कानांनी ऐकतात. सौरवादळामुळे आज रात्री साडेबारा ते साडेतीन आपल्याकडेही येणार. गच्चीवर जाऊन मोबाइलचा एफएम लावा. पण लहरी घातक आहेत, झोपताना फोन बंद करून लांब ठेवा.' ऑरोरा म्हणजे ध्रुवांजवळच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत प्रकाश.

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी खरंच फोन बंद ठेवला. त्यांची मुलगी पुण्याहून रात्री दोनपर्यंत फोन लावत होती. म्हणून हे लिहितोय. शिवाय हे आवाज मी स्वतः कितीतरी रात्री जागून ऐकले आहेत, त्यांच्या नावावर भीती पसरलेली मला बघवत नाही.

आधी 'कानांनी ऐकतात' हे. क्लिपमध्ये आहेत त्या मुळात रेडिओलहरी. त्यांची वारंवारता काही शे ते दहा हजार हर्ट्झ, म्हणजे आपल्या कानाच्या टप्प्यातली. पण कानाला हवेची कंपनं लागतात, रेडिओलहर त्याला कळत नाही. तारेत उतरलेला क्षीण सिग्नल नुसता मोठा करून हेडफोनला दिला, की तो ऐकू येतो. फिनलंडमध्ये उंटो लाइने यांनी ऑरोराच्या रात्री साध्या मायक्रोफोनवर हवेतले खरे आवाज टिपले, 2012 साली ते जाहीरही केले. पण ते जमिनीपासून सत्तरेक मीटरवर उमटणारे आवाज आहेत. ही क्लिप त्यातली नाही.

आता 'ऑरोराचा' हे. किलबिलाटापुरतं ते निम्मं बरोबर आहे. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात अडकलेले वेगवान इलेक्ट्रॉन या लहरी निर्माण करतात, आणि त्याच लहरी काही इलेक्ट्रॉनांना खाली वातावरणात ढकलतात. तिथे प्रकाश उमटतो. शिट्टीची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी, आणि मला सगळ्यात प्रिय. ती विजेची असते. एका गोलार्धात वीज कडाडते, तिची लहर चुंबकीय बलरेषा धरून हजारो किलोमीटर अवकाशात जाते आणि दुसऱ्या गोलार्धात उतरते. वाटेत उंच स्वर पुढे निघतात, खालचे मागे रेंगाळतात. म्हणून कडाडण्याची शिट्टी होते. पहिल्या महायुद्धात शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकताना हाइनरिख बार्कहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला ती सापडली. उलगडा केंब्रिजच्या स्टोरी यांनी 1953 साली केला.

मोबाइलचा एफएम 88 ते 108 मेगाहर्ट्झवर चालतो. या लहरी त्याच्या हजारो पटींनी खाली. तीन हजार हर्ट्झच्या लहरीची लांबीच शंभर किलोमीटर भरते. त्यावर एफएममध्ये काहीही लागणार नाही.

मग ठाण्यात काय ऐकू येतं? लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्झिस्टर आणि सुटे भाग आणून मी छोटा अँप्लिफायर जोडला, दीड मीटरची तार लावली आणि गच्चीवर गेलो. नुसती घूंऽऽ. लिफ्ट, पंप, वायरिंग, लोकलच्या ओव्हरहेड तारा, सगळ्यांची पन्नास हर्ट्झची घरघर. हे दुखणं जुनंच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेला पर्याय शोधावा लागला आणि 1904 साली अलिबागची वेधशाळा सुरू झाली. आज ती चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आपल्याच नवीन पनवेलला आहे.

तीच पेटी मुरबाडच्या पुढे, तारांपासून लांब एका माळावर नेली तेव्हा पहिल्यांदा कान उघडले. तव्यावर मोहरी तडतडावी तशा दूरदूरच्या विजा. अंधार पडून तासभर झाला तसं त्या तडतडीत 'ट्युंव, ट्युंव' सुरू झालं. जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्यात आपटत आलेल्या लहरी या, सतराशे हर्ट्झच्या आसपासचे स्वर त्यात मागे रेंगाळतात. मी जेवायचं विसरलो होतो.

पण क्लिपमधला किलबिलाट तिथे आला नाही, आणि येणारही नाही. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे बलरेषा जमिनीला समांतर असतात ती रेषा, भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. ठाण्यावरची बलरेषा फार उंच जातच नाही, किलबिलाट करणाऱ्या त्या इलेक्ट्रॉनांपर्यंत पोचत नाही. शिट्ट्या भारतात नोंदल्या गेल्यात, पण गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी अशा उत्तरेच्या ठिकाणी. मे 2024 च्या मोठ्या सौरवादळातही आपल्या देशात आकाशातली लाली टिपली गेली ती लडाखमधल्या हानलेहून.

राहिलं 'घातक'. नौदल तिरुनेलवेलीजवळच्या आयएनएस कट्टबोम्मन या तळावरून पाणबुड्यांना याच पट्ट्याच्या जरा वर संदेश पाठवतं, या नैसर्गिक लहरींपेक्षा कितीतरी जोरकस. फोन बंद केल्याने या लहरी कमी होत नाहीत, चालू ठेवल्याने वाढत नाहीत. धोका एकच आहे आणि तो मजकुरात नाही: गडगडाट कानावर येत असेल तर तार घेऊन उघड्यावर उभं राहू नका. मी म्हणूनच हिवाळ्यात जातो. यंदा काकूही येणार आहेत, फोन चालू ठेवून.