अकराची बॅच

आज मला जिममध्ये दोन वर्षं पूर्ण झाली. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझं वय 53. राहते सांगलीत, विश्रामबागला. घरी सासूबाईंना डिमेन्शिया आहे, हे पाचवं वर्ष. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना वेगळं सांगायला नको. रात्री दोनला उठून त्या दाराची कडी काढू लागतात, "मला मिरजेला आमच्या घरी सोड" म्हणतात. ते घर विकून तीस वर्षं झाली. मला राग येतो, आणि आपल्याला राग आला याचं नंतर जास्त वाईट वाटतं. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून बाथरूममध्ये रडायचे मी.

शेजारच्या वहिनींनी अक्षरशः ओढून नेलं. सकाळी अकराची बॅच, फक्त बायकांची. पहिले पंधरा दिवस पंजाबी ड्रेसवर, ओढणी कमरेला बांधून व्यायाम केला.

एक दिवस रात्रभर जागरण झालेलं. लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर, सातव्यांदा ढकलताना रडूच फुटलं. शेजारच्या मशीनवरची मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची. तिने काय झालं म्हणून विचारलं नाही. उठून आली, प्लेटला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "तीनच राहिलेत काकू. मी आहे." ते तीन केले. मग मॅटवर बसून तिच्याजवळ जे बोलले, ते सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. नात्यात बोललं की सल्ले येतात, नाहीतर तेच बोलणं चार घरं फिरून आपल्या दारात येतं. इथे दीड मिनिट विश्रांती, तेवढ्यात मनातलं एक वाक्य बाहेर पडतं, आणि लगेच पुढचा सेट.

बेंगळुरूचा मुलगा म्हणाला, आई, घरीच ट्रेडमिल घेऊन देतो. मी नको म्हटलं. ऑक्सफर्डला 2009 साली 12 रोइंगपटूंवर एक प्रयोग झाला होता. तोच 45 मिनिटांचा व्यायाम, एकदा एकट्याने आणि एकदा सगळ्यांनी एका लयीत. सगळ्यांनी मिळून केला तेव्हा वेदना सोसायची ताकद जास्त वाढली. माणसं बाराच होती, त्यामुळे त्यावरून फार मोठं काही म्हणणार नाही. पण मला ते वाचून अजिबात नवल वाटलं नाही.

'गोळ्या सोडा, व्यायाम करा' असे फॉरवर्ड मात्र कृपा करून पाठवू नका. मी आठ महिने डॉक्टरांची गोळी घेतली, त्यांच्याच सांगण्यावरून हळूहळू बंद केली, आणि तिचा मला उपयोग झाला. कुणाला फारच असह्य होत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, मराठीतून बोलता येतं.

शरीराचा फायदा सांगायचा तर एकच सांगते. सासूबाईंना पलंगावरून उठवताना माझी कंबर धरायची. ट्रेनर मुलीने स्क्वॉट शिकवताना "काकू, कमरेतून नको, गुडघ्यातून बसा, वजन अंगाजवळ घ्या" असं शंभरदा सांगितलं. आता त्यांना तसंच उठवते. त्याही घाबरत नाहीत, गळ्यात हात टाकतात.

मागच्या महिन्यात सासूबाई मोरीत पडल्या. हाड मोडलं नाही, पण मला चार दिवस घर सोडता येईना. दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर मेसेज, "काकू कुठे आहेत?" संध्याकाळी उपीटाचा डबा घेऊन दोघी दारात. पाचव्या दिवशी बँकेतून रिटायर झालेल्या आमच्या वहिनी साडेदहालाच आल्या, म्हणाल्या, "आज मी इथे बसते, तू जा." मी सारखी फोन बघत कसेबसे सेट केले आणि धावतच परत आले. तर दोघी हॉलमध्ये सूप मांडून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या. सासूबाई त्यांना मिरजेची कुणी जुनी मैत्रीण समजून लग्नाआधीच्या गोष्टी सांगत होत्या, आणि वहिनी प्रत्येक गोष्टीला "हो गं, आठवतंय की" म्हणत होत्या.