लाल पायांचा निळा भुंगेरा ‘मित्रकीटक’ म्हणून बरणीत ठेवू नका

सुक्या खोबऱ्याबद्दल आणि सुक्या मासळीबद्दल एक मेसेज बराच फिरतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘वाटीत किंवा बोंबलात निळा-हिरवा चमकणारा, लाल पायांचा भुंगेरा दिसला तर मारू नका. तो क्लेरिडी कुलातला शिकारी आहे. तो मालाला तोंड लावत नाही, माल खाणाऱ्या अळ्या खातो. तो असला म्हणजे मालावर औषध मारलेलं नाही. याच किड्याचा नव्याने शोध लावल्यामुळे फ्रान्समध्ये एका शास्त्रज्ञाचा जीव वाचला.’

यातलं कुलाचं नाव बरोबर आहे; क्लेरिडी हे भुंगेऱ्यांचं एक कुल. भुंगेरा आहे नेक्रोबिया रुफिपेस. १७७५ साली कीटकशास्त्रज्ञ दे गेअर यांनी त्याचं वर्णन क्लेरस रुफिपेस या नावाने केलं. पुढे नेक्रोबिया हे जीनस (कुलातला जवळच्या जातींचा गट) वेगळं झालं आणि ही जाती तिकडे गेली. जुन्या पुस्तकांत तो कोरिनेटिस रुफिपेस म्हणून, कधी स्वतंत्र कोरिनेटिडी कुलात सापडेल. १८३४ साली कीटकशास्त्रज्ञ होप यांनी इजिप्तच्या ममींमधल्या नमुन्यांना नेक्रोबिया मुमियारम असं नाव दिलं होतं, तोही हाच. बाकीचे मुद्दे मात्र तपासायला हवेत.

‘क्लेरिडी कुलातला, म्हणजे शिकारीच’

कुलातले बहुतेक भुंगेरे शिकारी आहेत, हे खरं. युरोपातल्या पाइन आणि स्प्रूसच्या सालीवर फिरणारा थॅनॅसिमस फॉर्मिकॅरियस साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांवर जगतो आणि त्याच्या अळ्या सालीखाली त्यांच्याच अळ्या खातात. आपल्याकडे बांबू पोखरणाऱ्या घुणाच्या मागावर असलेला टिलॉइडिया नोटाटाही याच कुलातला. पण कुलावरून आहार ठरत नाही. ट्रिकोडिस जीनसचे प्रौढ फुलांवर बसून परागकण खातात, हे त्याच कुलातलं उदाहरण.

नेक्रोबिया रुफिपेस दोन्ही दरडींवर पाय ठेवून असतो. डर्मेस्टिसच्या (सुकं मांस-मासळी खाणाऱ्या दुसऱ्या भुंगेऱ्यांच्या) अळ्या, चीजमध्ये वळवळणाऱ्या माशीच्या अळ्या, इतर किड्यांची अंडी हे सगळं तो खातो. अडचण आली तर स्वतःच्या भाऊबंदांनाही सोडत नाही. पण बाजूला एकही शिकार नसली तरी नुसत्या खोबऱ्यावर किंवा सुक्या मासळीवर अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत त्याची वाढ पुरी होते. ज्यात चरबी आणि प्रथिनं दोन्ही आहेत असा सुका माल त्याला चालतो: खोबरं, मासळी, सुकवलेलं मांस, फिशमील (माशांची भुकटी), कुत्र्या-मांजरांचं कोरडं खाद्य. साठवणीच्या किडींच्या यादीत तो खोबऱ्याचा भुंगेरा म्हणून आहे, ते उगाच नाही. त्याने चार अळ्या मटकावल्या तरी वाटीतली भोकं, विष्ठा आणि काती तुमच्या वाट्याला येतातच.

‘निळा आणि चमकदार दिसला की तोच’

इथे सगळ्यात जास्त गफलत होते, कारण फोटोत चमक दिसते पण पाय आणि मिशा दिसत नाहीत. नमुना झाकणाच्या छोट्या बाटलीत घालून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे तो पळणार नाही. मग पांढऱ्या कागदावर घेऊन १० पट भिंगाने पाहा. तेलकट मालातून काढलेला किडा आधी स्पिरिटमध्ये बुडवून मऊ ब्रशने पुसा. तेल आणि भुकटी बसली की लाल पाय काळपट दिसतात आणि ओळख तिथेच चुकते.

आधी पाय. रुफिपेसचे पाय लालसर-नारिंगी, अंग मात्र डोक्यापासून शेपटापर्यंत धातूसारखं निळं किंवा हिरवट निळं. मग मिशा: बुडाकडचे खंड लालसर, टोकाचे तीन खंड मिळून झालेली गाठ गडद. लांबी साधारण ४ ते ७ मिमी. अंगावर उभे काळे केस असतात, ते बाजूने उजेड टाकला की दिसतात. पंखांच्या टणक झाकणांवर बारीक खळग्यांच्या रांगा असतात.

याच जीनसमधल्या दोन जाती याच्यासारख्याच जगतात आणि जगभर मालाबरोबर फिरल्या आहेत. नेक्रोबिया व्हायोलॅशिया (लिनेयस, १७५८; कंसात पहिलं वर्णन करणाऱ्याचं नाव आणि साल) सगळा निळा असतो. त्याचे पाय गडद, मिशाही बुडापासून गडद, आणि चण सहसा लहान. नेक्रोबिया रुफिकोलिस (फॅब्रिशियस, १७७५) ओळखायला सोपा: मानेमागची ढाल आणि पंखझाकणांचं बूड लाल-तपकिरी, झाकणांचा उरलेला भाग निळा. पायाच्या रंगावरच थांबलात तर याला रुफिपेस म्हणाल, कारण पाय याचेही लाल. म्हणून पायानंतर लगेच ढाल पाहायची.

युरोपात जुन्या लाकडी घरांत आणखी एक निळा क्लेरिडी सापडतो, कोरिनेटिस सेरुलियस. तो लाकूड पोखरणाऱ्या किड्यांच्या मागे असतो आणि व्हायोलॅशियाशी त्याची सर्रास गल्लत होते. फरक तोंडाजवळच्या लहान स्पर्शकांत आहे: कोरिनेटिसमध्ये त्यांचा शेवटचा खंड कुऱ्हाडीच्या पात्यासारखा रुंदावतो, नेक्रोबियात तो तसा रुंदावत नाही. परदेशातल्या घरात खिडकीशी निळा भुंगेरा दिसला आणि आसपास खाण्याचा माल नसला, तर आधी हे बघा.

कुलातल्या बऱ्याच भुंगेऱ्यांच्या अंगावर चौकटी किंवा पट्टे असतात; ते नाहीत म्हणून हा क्लेरिडी नव्हे, असंही कोणी म्हणतं. तो निकष नाहीच. पायाच्या पंजात पाचऐवजी चारच खंड दिसणं ही जास्त उपयोगाची खूण आहे. चौथा खंड अगदी छोटा असून तिसऱ्यात दडलेला असतो.

‘अळ्या दुसऱ्याच किड्याच्या असतात’

सुक्या मासळीत डर्मेस्टिसच्या अळ्या खरोखर असतात, कित्येकदा दोन्ही एकत्र. डर्मेस्टिसची अळी गडद तपकिरी, लांब दाट केसांनी भरलेली आणि मागे निमुळती. नेक्रोबियाची अळी मळकट पांढरी, वर जांभळट-करडे ठिपके, डोकं तपकिरी, केस विरळ. ती चपळही आहे, उजेड पडला की फटीत शिरते. शेपटाकडचे दोन आकडे पाहून निर्णय देऊ नका, ते दोघींनाही असतात. जांभळट ठिपक्यांची अळी खोबऱ्यात असेल तर ती या ‘मित्राची’च आहे.

कोषात जाताना ही अळी बहुधा मालातून बाहेर पडते. गोणपाटाची शिवण, फळीची भेग, डब्याच्या झाकणाचे आटे अशी कोरडी जागा शोधते आणि तोंडातून फेस सोडून ती जागा पांढऱ्या, कागदासारख्या पडद्याने बंद करते. त्यामुळे माल बदलला पण बरणी तशीच वापरली की महिन्याभरात भुंगेरे परत. अंड्यापासून भुंगेरा व्हायला ३० अंशांच्या आसपास पाच-सहा आठवडे लागतात, थंडीत किंवा कमी पोषक मालावर बरेच जास्त.

‘शास्त्रज्ञाचा जीव वाचवणारा किडा’

गोष्ट खरी, किडा चुकीचा. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत पाद्री असलेले कीटकशास्त्रज्ञ प्येर आंद्रे लात्रेय बोर्दोच्या तुरुंगात होते. कोठडीतल्या जमिनीवर त्यांना एक भुंगेरा दिसला. कैदी तपासायला आलेल्या डॉक्टरला त्यांनी तो दुर्मीळ असल्याचं सांगितलं. डॉक्टरने तो बोरी द सां-व्हँसां या किडे जमवणाऱ्या मुलाकडे नेला, त्याला लात्रेय यांचं काम माहीत होतं आणि त्यातून सुटका झाली. तो भुंगेरा रुफिकोलिस होता, रुफिपेस नव्हे. नवीन जातीही नव्हती: फॅब्रिशियस यांनी १७७५ मध्येच तिचं वर्णन डर्मेस्टिस रुफिकोलिस म्हणून करून ठेवलं होतं. मोठमोठ्यांनीही या किड्यांना डर्मेस्टिसमध्ये घातलं होतं, म्हणजे आपण गोंधळलो तर नवल नाही.

‘तो दिसला म्हणजे औषध मारलेलं नाही’

किडी मारायला देतात त्या धुरीचा गॅस उडून गेला की मालाला संरक्षण उरत नाही. धुरी दिलेल्या गोणीतही नंतर भुंगेरे शिरू शकतात, आणि धुरी न दिलेला पण नीट वाळवलेला माल स्वच्छ राहू शकतो. भुंगेऱ्यावरून औषधाचा निष्कर्ष निघत नाही. आणि धुरीसाठीच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात अजिबात वापरू नका, त्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणसाचाही जीव घेतो.

मग करायचं काय? भोकं पडलेल्या, बुरशी किंवा खवट वास आलेल्या वाट्या टाकून द्या. खोबऱ्यात ओल ६ टक्क्यांच्या आसपास असायला हवी; वाटी मोडताना लवचिक वाटली तर अजून वाळवा, कारण ओलसर, बुरशी धरलेलं खोबरं किडींना जास्त मानवतं. नुसतं ऊन दाखवून भागत नाही: भुंगेरे उडून सावलीला जातात, अळ्या आत सरकतात आणि संध्याकाळी सगळे जागेवर. चांगला माल पातळ थरात, हवाबंद पिशवीत भरून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. मोठा गठ्ठा ठेवलात तर मधला भाग उशिरा गार होतो आणि अंडी वाचतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर मालावर दव धरून बुरशी येईल. तोवर बरणी गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, झाकणाचे आटे ब्रशने घासा, पूर्ण वाळवा. फळीच्या भेगांतले पांढरे पडदे सुईने उकरून काढा. बोंबील-सोडे मूळच्या गोणपाटात परत भरू नका.