व्हिक्टोरियन खेड्यातील ‘सभ्य’ मद्यपानाची थाप

व्हिक्टोरिया राणीच्या काळी इंग्लंडच्या खेड्यांतील इनमध्ये, म्हणजे दारू आणि मुक्कामाची सोय असलेल्या खाणावळींत, लोक मर्यादेने पीत, दंगा होत नसे, पोलिसांची गरजच पडत नसे आणि नशेत कुणी हात उगारलाच तर कायदाही त्याला दोषी धरत नसे, सकाळी हात मिळवून प्रकरण मिटे, असा एक संदेश सध्या फिरतो आहे. माझ्या भाच्याने तो मोठ्या कौतुकाने मला पाठवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

यातला शेवटचा दावा सर्वांत घातक आहे. स्वतःहून दारू पिऊन केलेल्या मारहाणीला इंग्लंडच्या कायद्यात माफी नव्हती. १८६१ च्या कायद्यानुसार साध्या मारहाणीलाही ५ पौंडांपर्यंत दंड किंवा २ महिन्यांपर्यंत कैद होती. स्त्रीला किंवा १४ वर्षांखालील मुलाला गंभीर मारहाण केल्यास कैद ६ महिन्यांपर्यंत जाई. हात मिळवण्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांना इनमधून परतलेल्या नवऱ्याचा मार खाणारी बायको दिसतच नाही. अशा मारहाणीत दोषी ठरलेल्या नवऱ्यापासून विभक्त राहण्याचा आदेश मॅजिस्ट्रेटकडून मिळण्याची सोय १८७८ मध्ये संसदेला करावी लागली, ती काय उगाच?

दंगा होत नसे म्हणणाऱ्यांनी १८७२ चा परवाना कायदा वाचावा. नशेत सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घालणाऱ्याला ४० शिलिंगांपर्यंत दंड किंवा महिन्यापर्यंत कैद होती, आणि दक्षिणेकडील शेतमजुराची आठवड्याची मजुरी तेव्हा बहुधा १५ शिलिंगांच्याही आत असे. आपल्या इनमध्ये दारूबाजी किंवा हाणामारी चालू देणाऱ्या, अथवा झिंगलेल्याला आणखी दारू विकणाऱ्या मालकाला पहिल्याच गुन्ह्याला १० पौंडांपर्यंत दंड होता. बाहेर जायला सांगूनही न हलणाऱ्या गिऱ्हाइकासाठी वेगळे कलम होते. जे घडतच नव्हते त्यासाठी इतकी कलमे कुणी लिहीत नाही.

पोलिसांविषयी एवढेच, की १८५६ पासून प्रत्येक परगण्याला पोलिसदल ठेवणे सक्तीचे होते.

इन हे गावाचे मध्यवर्ती ठिकाण होते, हे मात्र खरे. अकस्मात मृत्यूची चौकशी तिथे होई, कित्येकदा मॅजिस्ट्रेटचे न्यायालयही तिथेच भरे. बऱ्याचदा मजुरीही तिथेच वाटली जाई आणि ती घरी पोहोचण्याआधी तिथेच खर्च होई. म्हणूनच १८८३ मध्ये दारूच्या दुकानात मजुरी देण्यावर कायद्याने बंदी आली.