खडेबाजारातील मुक्काम आणि एक प्रतिक्रिया

बेळगावच्या जुन्या बाजारपेठेतील एका साध्या लॉजवरच्या मुक्कामाविषयी मी लिहिले होते. त्यावर बेळगावच्याच टिळकवाडी भागातून 'एक त्रस्त वाचक' या सहीने सविस्तर प्रतिक्रिया आली आहे. तिचा आशय थोडक्यात असा: खडेबाजार, गणपत गल्ली या भागात उतरण्याचा सल्ला देऊन मी वाचकांची दिशाभूल केली, तेथे लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा नाही, रात्री आवाज असतो, पावसाळ्यात गाद्यांना कुबट वास येतो, बेळगावचा इतिहास पाहायचा तर तो किल्ल्यात आहे, गल्ल्यांत नाही. शेवटी एक वाक्य असे आहे: 'गैरसोयीवर इतिहासाचा मुलामा चढवणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या म्हाताऱ्या आईला तेथे ठेवून दाखवावे.'

मतभेदाचा मला राग नाही. परंतु ज्या गृहस्थांनी (किंवा भगिनींनी, सहीवरून काहीच कळत नाही) स्वतःचे नाव लिहिण्याचेही टाळले, त्यांनी दुसऱ्याच्या आईला वादात ओढावे, हे आपल्याकडच्या रीतीला धरून नाही. लॉजवर टीका करावी, लेखावर करावी, माझ्या भाषेवरही करावी. घरच्या माणसांपर्यंत जाण्याचे कारण काय?

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. माझे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीवर दिवाणजी होते. मालकांच्या दाव्यांच्या तारखांना त्यांना बेळगावला यावे लागे, आणि काम एका दिवसात उरकले नाही की ते याच बाजारातील एखाद्या लॉजवर उतरत. शाळेला सुट्टी असली म्हणजे मीही बरोबर असे. गल्ल्यावरच्या रजिस्टरात नाव, गाव, 'कोठून आलात, कोठे जाणार, येण्याचे कारण' हे सारे रकाने ते सावकाश, वळणदार मोडीत भरायला लागत आणि मॅनेजर दरवेळी म्हणे, 'दिवाणजी, बाळबोधीत लिहा हो.' कापडाचे व्यापारी, खानापूरचे लाकूडवाले, कोर्टाच्या कामासाठी आलेले शेतकरी अशी माणसे शेजारच्या खोल्यांत असत. हे लॉज पर्यटकांसाठी बांधलेले नाहीत, कामाला आलेल्या माणसासाठी आहेत, आणि त्यांची पारख करायची तर ती त्याच मापाने करावी लागेल, एवढेच माझ्या लेखाचे म्हणणे होते.

आणि हो, माझ्या आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बेळगावातच झाली, तेव्हा आम्ही तिला घेऊन याच भागात उतरलो होतो. तळमजल्याची खोली मिळाली होती, गरम पाण्याची बादली पोऱ्या दाराशी आणून ठेवत असे, आणि समोरच्या खानावळीतून मऊ भात येत असे. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. अर्थात तक्रार करण्याचा तिचा स्वभावच नव्हता. पण 'ठेवून दाखवावे' याचे उत्तर एवढ्याने मिळाले असावे.

एक गोष्ट मान्य करतो. वरच्या मजल्यांकडे जाणारा जिना उभा आहे, पायऱ्या अरुंद आहेत, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाने तळमजल्याचाच आग्रह धरावा. तळमजल्यावर खोल्या फार नसतात, म्हणून आधी फोन करावा.

राहिला इतिहास. किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ मधील, रट्ट राजांच्या काळातील, हे मला ठाऊक आहे. ती पाहूच नका असे मी कोठे म्हटले? पण इतिहास केवळ दगडात कोरलेला असतो, अशी समजूत असल्यास ती आपल्यापाशी ठेवावी. बेळगावातील सार्वजनिक गणेशोत्सव १९०५ साली लोकमान्य टिळकांच्या हस्ते सुरू झाला तो झेंडा चौकात, म्हणजे याच बाजारात. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आजही कपिलेश्वर तलावाकडे जाताना दुसरा दिवस उजाडतो. त्या रात्री येथल्या लॉजमध्ये झोप लागत नाही, हे खरेच आहे. पण त्या रात्री बेळगावात झोपायला येतो कोण? आपल्या टिळकवाडीच्या परिसरात १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हाही पाहुण्यांसाठी विजयनगर नावाची तात्पुरती वसाहत उभारावी लागली होती. त्यांच्यापैकी कोणी लिफ्टची चौकशी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

शिवाय टिळकवाडीत स्वतःचे घर असणाऱ्या माणसाला बेळगावात लॉजवर उतरण्याचा प्रसंग कधी आणि कशासाठी आला, हे कुतूहल मला आहे. ज्याला सकाळी नऊला बाजारात माल पाहायचा आहे, त्याला महामार्गालगतच्या मोठ्या हॉटेलातून रिक्षाला पैसे मोजत येणे परवडते का, याचा विचार प्रतिक्रियेत कोठेही दिसला नाही.

गाद्यांच्या वासाविषयी काय बोलावे? बेळगावचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याच्या स्वतःच्या कपाटातल्या चादरींनाही जुलैत वास येतो. गाडी लावण्याचा प्रश्न गाडीवाल्यांचा आहे. मी एसटीने जातो. न्हाणीघराबद्दल आपण जे लिहिले आहे, त्याची चर्चा येथे करणे मला प्रशस्त वाटत नाही.

लॉजचे नाव आणि भाडे आपण विचारले आहे. नाव मी मुद्दामच दिले नव्हते, आणि मी लॉजवाल्यांकडून काही घेऊन लेखणी 'विकणाऱ्यां'पैकी असावा, अशी शंका आपण दुसऱ्या एका ओळीत व्यक्त केल्यानंतर तर ते मुळीच देणार नाही. मी पूर्ण भाडे भरून राहिलो, पावती माझ्यापाशी आहे. भाड्याचा फलक गल्ल्याच्या मागेच लावलेला असतो, तो कोणालाही वाचता येतो. यापुढे काही लिहायचे असल्यास नावानिशी लिहावे, म्हणजे उत्तर देताना मलाही 'गृहस्थ' म्हणावे की 'भगिनी' याचा घोळ घालत बसावे लागणार नाही.