घातांक पाठ करायचे नसतात

पालकांच्या ग्रुपांवर एक सल्ला सतत पुढे ढकलला जातो : 'घातांकात समजून घेण्यासारखं काही नाही. नियमांचा तक्ता पाठ करून घ्या, शून्य घात म्हणजे 1 हे मानून चला. रोजच्या जगण्यात तसंही ते लागत नाही, उगाच वेळ घालवू नका.' सातवीत पहिल्यांदा घातांक शिकणाऱ्या मुलांचं यातल्या प्रत्येक वाक्याने नुकसान होतं.

आधी तक्त्याचं बघू. 2³ मध्ये खालचा 2 हा पाया, वरचा छोटा 3 हा घातांक : 2 तीनदा घेऊन गुणायचे, 2×2×2 = 8. पण 2³ किती विचारलं की कितीतरी मुलं 6 म्हणतात. बहुतेकदा पहिलं उदाहरण 2² चं दिलेलं असतं आणि तिथे 2×2 केलं तरी 4 च येतात, त्यामुळे पाया आणि घातांक यांचाच गुणाकार करायचा असा समज पक्का होतो. सुरुवात 5² ने करा : उत्तर 10 की 25, हे लगेच उघडं पडतं. मग 2³×2² हे (2×2×2)×(2×2) असं सुटं लिहायला लावा. पाच दोन समोर दिसतात, म्हणून 2⁵. घातांकांची बेरीज का होते, हे मूल स्वतःच सांगतं. नुसता नियम घोकलेलं मूल इथे 4⁵ लिहितं, 2⁶ लिहितं आणि 2³+2² दिसलं तरी 2⁵ च लिहितं. खरं उत्तर 8+4, म्हणजे 12. आपलं चुकलंय हे ताडून बघायचं साधनच त्याच्याकडे नसतं.

'शून्य घात म्हणजे 1, मानून चला.' ती व्याख्या आहे, हे खरं. पण ती मनाला येईल तशी ठरवलेली नाही. वहीचा एक कागद घ्या. एक घडी घातली की 2 पदर, दुसरी घातली की 4, तिसरीला 8. घड्यांची संख्या हा घातांक. एकही घडी न घातलेल्या कागदाला पदर एकच, म्हणून 2⁰ = 1. हेच फळ्यावर उलट लिहा : 8, 4, 2, 1. घातांक एकाने कमी झाला की संख्या निम्मी होते. आणखी एक पायरी उतरलं की 2⁻¹, म्हणजे अर्धा. ऋण घातांक आला की उत्तरही ऋण, हा गैरसमज इथेच सुटतो.

रोजच्या जगण्यात लागत नाही? बातमीत 'एक लाख कोटी रुपये' ऐकलं की शून्यं किती? लाख म्हणजे 10⁵, कोटी म्हणजे 10⁷, म्हणून 10¹², बारा शून्यं. दहा हजार रुपये वार्षिक चक्रवाढीने 10 टक्क्यांनी ठेवले, तर तीन वर्षांनी 10,000×1.1³ म्हणजे 13,310 होतात, सरळव्याजाने 13,000. वरचे 310 त्या घातांकाचे. आठवीत चक्रवाढ व्याजाच्या सूत्रात मुदत घातांकाच्या जागी बसते, ती याचसाठी.

राहिला वेळ. सुटं लिहून शिकवायला दोन-तीन तास जास्त जातात, हे मान्य. पण आठवीत अपूर्णांक घातांक येतो. अर्धा घात असलेल्या दोन 9 चा गुणाकार (9^½ × 9^½) केला की घातांकांची बेरीज 1, म्हणून उत्तर 9. मग त्यातला प्रत्येक 3 (कारण 3×3 = 9), म्हणजे 9 चं वर्गमूळ. बेरीज का होते हे ज्याला ठाऊक आहे, ते मूल हे आपलं आपण काढतं. तक्तेवाल्याला आणखी एक ओळ पाठ करावी लागते.