आजीच्या गोष्टीतले शेजारी फॉरवर्डमध्ये का नसतात?

मदनलाल पाहवाबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. पाकपट्टणचा पंजाबी पोरगा, विशीतला, फाळणीत घरदार सोडून इकडे आला आणि २० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाऊसमध्ये, गांधीजींची प्रार्थनासभा चालू असताना स्फोट करून पकडला गेला. बरोबर दहा दिवसांनी नथुरामने गोळ्या झाडल्या.

फाळणीत त्याचे जे हाल झाले ते खोटे नव्हते हो. माणूस पुढे हिंसक झाला की त्याचं आधीचं दुःखही नाटक होतं म्हणून आपण मोकळे होतो, ते मला अजिबात पटत नाही. पण तसंच सगळं गमावून लाखो लोक आले ना, कल्याणच्या मिलिटरी कॅम्पात, जिथे पुढे उल्हासनगर झालं, तिथे सिंधी कुटुंबं मिळेल ते विकून पुन्हा उभी राहिली. मदनलालला नगरला भेटले विष्णू करकरे, हिंदू महासभेचे, गेस्ट हाऊस चालवायचे. तिथे त्याला आधार मिळाला, माणसं मिळाली, आणि या सगळ्याला जबाबदार कोण याचं रेडीमेड उत्तरही मिळालं. पाकपट्टणच्या जखमेचं उत्तर काय, तर दिल्लीत शांततेसाठी उपोषण करून दोनच दिवसांपूर्वी उठलेला ७८ वर्षांचा माणूस! आणि त्या माणसाने दुसऱ्या दिवशी लोकांना सांगितलं की या पोराचा द्वेष करू नका.

पुढचं तर आपल्या घरातलंच आहे. गांधीहत्येनंतर, नथुराम ब्राह्मण म्हणून, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरं जाळली, ज्यांचा कटाशी काडीचा संबंध नव्हता त्यांचीसुद्धा. मुंबईत वि. दा. सावरकरांचे धाकटे भाऊ नारायणराव यांना दगडांनी मारलं, ते त्यातून नीट सावरलेच नाहीत, १९४९ मध्ये गेले. माझ्या आजीचं माहेरचं घर असंच जळलं. हे सांगितलंच पाहिजे, कितीतरी वर्षं लोक यावर दबक्या आवाजात बोलायचे आणि तेही चूकच होतं.

पण आजी सांगायची त्यात शेजारचे मराठा काका असायचे, ज्यांनी या सगळ्यांना रात्रभर गोठ्यात लपवलं आणि सकाळी भाकरी दिली. आता व्हॉट्सअॅपवर तशाच गोष्टी फिरतात, त्यात घर जळतं, जमाव येतो, आणि शेवटी आजच्या कुठल्यातरी जातीचा नाहीतर पक्षाचा हिशोब जोडलेला असतो. काका गायब. कारण ते राहिले तर अख्ख्या जातीचा राग करता येत नाही, आणि ज्याला तुमच्या दुःखातून कार्यकर्ता घडवायचाय त्याला नेमका तोच राग हवा असतो.

तुमच्या घरात अशी गोष्ट असेल, कुठल्याही बाजूची, कुठल्याही जातीधर्माची, तर प्लीज खाली लिहा. अख्खी लिहा, घर कोणी जाळलं तेही आणि दार कोणी उघडलं तेही.