पॉझिटिव्ह राहा म्हणे!

गणपतीत गुहागरला गेलो की आरतीच्या आधी माझीच चौकशी. "एवढ्याशा पोराला डायबेटीस? चॉकलेटं खाल्लीस ना ढीगभर?" अहो काकू, टाइप वन आहे हा! माझ्याच प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या. चॉकलेटाचा काय संबंध? मग कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड... आणि शेवटी पाठीवर थाप, "पॉझिटिव्ह राहायचं रे!"

यंदा तर कहर झाला. मखराच्या धावपळीत हात थरथरायला लागले, दरदरून घाम. बोट टोचलं, मीटरवर रक्तातली साखर 58! ती 70 च्या खाली गेली की लगेच काहीतरी गोड पोटात जायला हवं. पडवीत कोकम सरबताचा पेला तोंडाला लावला, तोच आत्याने हिसकावला. "तुला चालत नाही ना!" अर्धं सरबत शर्टावर. तो लाल डाग अजून गेलेला नाही.

1922 साली टोरांटोत इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन घेणारा मुलगाही 14 वर्षांचाच होता. त्याला बरं कुणी कारलं नाही पाजलं!

मोदक मात्र मी खातोच. इन्सुलिनची युनिट मोजून टोचतो, मग दोन मोदक, वर तुपाची धार. काकू तेव्हा माझ्याकडे नाही, थेट बाप्पाकडे बघून हात जोडते.